जाखाईच्या तळ्याचा गाळ

कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी विभागप्रमुख बाईंनी मला नाव विचारलं नाही, शिक्षणही विचारलं नाही. हातातला चहाचा कप खिडकीत ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं?"

मी म्हटलं, "नळाचं."

"नळाच्या मागचं विचारतेय."

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. आमचं सगळं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. नळाच्या मागे काय असतं याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी चाचरत म्हटलं, "गोदावरीचंच असेल."

बाईंचा चेहरा खुलला. "म्हणजे बंधाऱ्याच्या अंगाचं. तिथला गाळ काय सुंदर असतो हो! काळा, लोण्यासारखा. बोटांना चिकटत नाही." मग माझ्या डोक्याकडे बारकाईने बघत म्हणाल्या, "एक केस द्याल का? तेल लावलेला नको."

मी वेणीतून एक केस उपटून दिला. नोकरीचा पहिला दिवस, नाही कसं म्हणणार? त्यांनी तो चिमट्यात धरून पाण्याच्या काचेच्या बशीत सोडला. त्या बशीच्या तळाशी बोटभर चिखल होता. चिखलातल्या काही बुरश्यांना केस आवडतो, काहींना सापाची कात, काहींना फुलातले परागकण. आमिष टाकून बसायचं, ज्याला जे आवडतं तो ते खायला वर येतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन आईला सांगितलं की आमच्या प्रमुख बाई बहुतेक करणी करतात.

कॉलेजातले बाकीचे सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांना ते पसंत नव्हतं. "मॅडम साडीच्या दुकानात असते. मी बाई आहे," असं त्या म्हणायच्या. म्हणून आमच्या विभागापुरत्या त्या बाईच राहिल्या.

बाईंचं सगळं आयुष्य गोड्या पाण्याच्या तळाशी होतं. नदी, धरण, तलाव, ओहोळ, विहीर, शेततळं, जिथे पाणी साठतं तिथे खाली गाळ बसतो, आणि त्या गाळात बुरश्या राहतात. त्या किती प्रकारच्या आहेत, कोण कोणाची बहीण आणि कोण नुसतीच शेजारीण, हे शोधून काढायचं, एवढा एकच उद्योग. इस्त्रीच्या सुती साडीखाली काळे गमबूट, स्कूटरच्या पुढच्या हुकाला बादली, आणि डिकीत श्रीखंडाचे रिकामे डबे. गाळ आणायला श्रीखंडाच्या डब्यासारखी वस्तू नाही असं त्यांचं ठाम मत होतं. झाकण घट्ट बसतं, आणि रस्त्यात कोणी अडवलं तरी संशय घेत नाही. एका दसऱ्याला स्टाफरूमच्या फ्रिजमधला असाच एक डबा इतिहासाच्या सरांनी मोठ्या उत्साहाने उघडला. आत वालदेवी धरणाचा तळ होता. सर पुढे कित्येक महिने डबा दिसला की आधी हलवून बघायचे.

गाळ आणला की बाई आधी त्याचा वास घ्यायच्या. डोळे मिटून, अत्तरासारखा. "याला हवा मिळाली नाही," असं म्हणायच्या, किंवा "हा आनंदात आहे." विद्यार्थी खाली मान घालून हसायचे. बाईंना ते दिसायचं, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांना राग यायचा तो एकाच शब्दाचा, 'इत्यादी'चा. प्रयोगवहीत कोणी 'अमुक, तमुक इत्यादी बुरश्या आढळल्या' असं लिहिलं की बाई ते पान त्याच्यासमोर धरायच्या. "इत्यादी कोण? मला भेटवा. दिसायला कशी आहे? बीजाणू गोल आहेत की लांबट?" मोठमोठ्या संशोधनपत्रिकांतही शेवटी 'न ओळखलेल्या' असा एक रकाना असतो. तो बघून बाई खरोखर अस्वस्थ व्हायच्या. लग्नाच्या पंगतीत कोणी ताटावाचून बसलेलं दिसावं, तसं त्यांना व्हायचं.

लग्नावरून आठवलं. आमच्या एका विद्यार्थिनीचं लग्न गंगापूर रोडच्या एका लॉनवर होतं. मुहूर्त जवळ आला, अक्षता वाटून झाल्या, आणि नवरी व्यासपीठावरून विचारतेय, "बाई कुठायत?" शोधाशोध झाली. लॉनच्या मागे शोभेचं कमळतळं होतं. बाई पैठणीचा पदर कमरेला खोचून काठावर ओणवल्या होत्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात. तिथला माळी हतबल होऊन बघत उभा. मी म्हटलं, "बाई, मंगलाष्टकं सुरू झाली." बाई म्हणाल्या, "हो हो, आलेच. यांच्याकडे कमळ बाहेरून आणलंय. बरोबर कोण कोण आलंय ते बघायला नको?" मग त्या तशाच ओल्या हाताने आल्या आणि नवरीवर अक्षता टाकल्या. त्या अक्षतांबरोबर थोडा गाळही पडला असणार. त्या मुलीचा संसार उत्तम चाललाय, हे मुद्दाम सांगते.

त्यांच्याबरोबर फिरणं ही वेगळीच शाळा होती. सुरगाण्याच्या बाजूला आम्ही प्रवासी जीपने जायचो. डोंगरातल्या ओहोळात जिथे पाणी दगडावर आपटून फेस होतो तिथे बाई चमच्याने तो फेस गोळा करायच्या. जीपमधली माणसं कौतुकाने बघायची. एकदा एका म्हातारबाबांनी विचारलं, "याचं काय करता, औषध?" बाईंनी त्यांना शेजारी बसवून, हातातल्या भिंगातून फेस दाखवत सगळं सांगितलं. पानं कुजवणाऱ्या बुरश्यांचे बीजाणू वाहत्या पाण्यात चांदणीसारखे असतात, चार हातांचे. हात पसरलेले असले की कुठेतरी अडकता येतं, नाहीतर पाणी थेट समुद्रात नेईल. साठलेल्या पाण्यातल्या बुरश्यांचे बीजाणू स्प्रिंगसारखे वेटोळे असतात. वेटोळ्यात हवा धरतात आणि वर तरंगतात. आणि अगदी तळच्या गाळात ज्या राहतात त्यांना शेपटी असते. त्यांचे बीजाणू पोहतात.

"बुरशी पोहते?" म्हातारबाबांनी विचारलं.

"पोहते. आणि अशी पोहते की बघत राहावं."

या पोहणाऱ्या बुरश्या म्हणजे बाईंचा जीव. त्या म्हणायच्या, "बुरशी ही वनस्पती नाही. ती आपल्या, प्राण्यांच्या, जवळची. आपण वनस्पतिशास्त्रवाले तिचे आईबाप नाही, घरमालक आहोत. जागा दिलीय, एवढंच." हे वाक्य त्यांनी एकदा विद्यापीठाच्या समितीपुढेही म्हटलं होतं. समितीने ते इतिवृत्तात घेतलं नाही.

आता जाखाईच्या तळ्याची गोष्ट सांगते, कारण बाई मला खऱ्या कळल्या त्या तिच्यातूनच.

चांदवडच्या पुढे, महामार्ग सोडून आत गेलं की एका गावाच्या वरच्या अंगाला जुना पाझर तलाव आहे. बांधावर जाखाई देवीचा शेंदूर लावलेला दगड, तांदळा, म्हणून गाव त्याला जाखाईचं तळं म्हणतं. बाईंनी एका हिवाळ्यात तिथला गाळ आणला होता. नेमकी त्या दिवशी आमिषं संपली होती. कात नाही, पराग नाही. येताना गावातल्या एका बाईने पिशवीभर कांदे दिले होते. बाईंनी त्यातला एक चिरून आतला पातळ पापुद्रा काढला आणि बशीत सोडला. काही दिवसांनी पाहिलं तर पापुद्र्यावर बारीक पारदर्शक पिशव्या उगवलेल्या, आणि प्रत्येक पिशवीला तीन तोंडं. प्रत्येक तोंडावर एक झाकण. पिशवी भरली की तिन्ही झाकणं एकदम उघडायची आणि आतले शेपटीवाले बीजाणू तिन्ही वाटांनी बाहेर पडायचे.

बाईंनी मला बोलावलं. सूक्ष्मदर्शकापाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "ही कुठेच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी सगळी पुस्तकं पाहिली. ही कुठेच बसत नाही."

त्याच वर्षी एका परिषदेत त्यांनी तिचे फोटो दाखवले. मीही गेले होते. समोर पहिल्या रांगेत या विषयातले देशातले सगळ्यात मोठे तज्ज्ञ बसले होते. मी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणेन. फोटो बघून ते उठले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, मेहनत छान आहे. पण हे झाकण नाही, हवेचा बुडबुडा आहे. ही जुनीच जात. डीएनए करून घ्या, म्हणजे तुमची शंका फिटेल." सभागृहात हशा पिकला. कुठूनतरी 'बुडबुडा बाई' असंही ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये मी संतापले होते. बाई खिडकीतून बाहेर बघत शेंगदाणे खात होत्या. म्हणाल्या, "बुडबुडा असेल तर फुटेल. त्यांचं एक बरोबर आहे, डीएनए करायला हवं."

पण डीएनए करायला बुरशी शुद्ध हवी, तिच्यासोबत दुसरं काही वाढलेलं चालत नाही. बाईंनी ते काम हाती घेतलं. वर्ग, परीक्षा, तपासणी, मुलांचे प्रकल्प सांभाळून त्या एकेक पिशवी सुईच्या टोकाने उचलून वेगळी करायच्या. त्यात वर्षं गेली. निवृत्ती जवळ आली. त्यांच्यानंतर प्रयोगशाळेची ती खोली संगणक विभागाकडे जाणार असं ठरलंही होतं. शेवटी त्या उन्हाळ्यात नळ्यांमध्ये शुद्ध बुरशी तयार झाली. सुटी संपली की पाठवायची.

मे महिन्यात कॉलेज बंद असताना फ्रिज बिघडला. आम्ही उघडला तेव्हा आत ऊब होती. सगळ्या नळ्यांत पिवळट चिकट साका, नुसते जिवाणू. जाखाईच्या तळ्यातलं काहीही शिल्लक नव्हतं. बाईंनी एकेक नळी उजेडात धरली, परत ठेवली. मग फ्रिजचं दार हळूच लावलं, जणू आत कोणी झोपलंय.

"तळं आहे ना," त्या म्हणाल्या. "चला."

मी गाडी काढली. चांदवड मागे पडलं, आम्ही गावात शिरलो, बांधावर चढलो आणि मी थबकले. तळं नव्हतंच. म्हणजे खड्डा होता, आधीपेक्षा खोल आणि मोठा, पण त्याच्या तळाशी पिवळा मुरूम उघडा पडला होता. जेसीबीच्या दातांचे ओरखडे सगळीकडे. गावाने सगळा गाळ उपसला होता. गावाचं काही चुकलं नव्हतं. तळ्यात पाणी जास्त मावावं आणि गाळाने शेत सुधारावं म्हणूनच तर हे करतात. पण मला रडू फुटलं. बाई मात्र तांदळ्याशेजारी उभ्या राहून डोळ्यांवर हात धरून चहूकडे बघत होत्या.

"गाळ नाहीसा होत नसतो," त्या म्हणाल्या. "तो कुठेतरी गेलाय."

बांधाखालच्या पहिल्याच वावरात काळ्या ढेकळांचे ढीग पसरलेले दिसले. कडेला ट्रॅक्टर उभा होता, मागे रोटाव्हेटर लावलेला. ट्रॅक्टरवर एक चाळिशीचा शेतकरी, आणि बांधावर त्याची आई, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. बाई थेट शेतात शिरल्या आणि गुडघ्यांवर बसून एक ढेकूळ हातात घेतलं.

"ओ बाई!" शेतकरी ओरडला. "मोजणीवाल्या हे का तुम्ही?"

"नाही हो दादा. हा तळ्यातला गाळ ना?"

"मंग! समदा तिथलाच हे. दीड-दोन आठवडे झाले टाकून. आता रोटा मारायचाय."

"थोडं थांबाल का? मला यातला थोडा पाहिजे."

तो मोठ्याने हसला. "थोडा कशाला, ट्रॉली भरून न्या की! पण काय करणार याचं?"

"यात एक बुरशी आहे."

हसू एकदम थांबलं. तो ट्रॅक्टरवरून उतरला. "बुरशी? ओ बाई, आमचा कांदा लावायचाय यात! करपा बिरपा येईल काय?"

बाई उभ्या राहिल्या. "नाही. ही पिकाला हात लावत नाही. मेलेलं, कुजलेलं तेवढं खाते आणि जमीन मोकळी करते. तुमच्या गावाखेरीज जगात कुठे सापडली नाही अजून. माझ्याकडची सगळी मेली."

त्याची आई बांधावरून ऐकत होती. ती उठली, जवळ आली, बाईंच्या हातातल्या ढेकळाकडे पाहिलं. "वाळून कोळ झालंय हे. यात कोण जित्तं राहणार?"

"राहते आजी. ऊन वाढलं, पाणी आटलं की ही जाड कवच करून आत निजून राहते. पाणी मिळालं की उठते. निदान तिच्या जातीच्या बाकीच्या तसं करतात. ही करते का ते मला ठाऊक नाही."

आजीने मुलाकडे पाहिलं. "इंजिन बंद कर रे. बाईला घेऊ दे नीट."

मग आम्ही चौघं त्या शेतात ढेकळं निवडत फिरलो. बाईंना तळच्या थराची हवी होती, ज्यात शिंपल्यांचे तुकडे आणि पानांच्या शिरा दिसतात तसली. आजींना हे लगेच जमलं. श्रीखंडाचे डबे भरले, ते संपले तेव्हा आजींनी घरून स्टीलचा डबा आणून दिला. निघताना त्या बाईंना म्हणाल्या, "उठली तर कळवा बरं का."

कॉलेजात आल्यावर बाईंनी ढेकळं फोडून बशांमध्ये घातली, वर उकळून थंड केलेलं पाणी आणि त्यावर कांद्याचा पापुद्रा. मग वाट बघणं. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात इतर ओळखीच्या बुरश्या आल्या. बाईंनी त्यांना नावाने हाक मारून बाजूला केलं. जून संपत आला. संगणक विभागाचे लोक येऊन खोलीची लांबीरुंदी बघून गेले. मी रोज सकाळी बाईंच्या आधी जाऊन बशा पाहायचे, आणि रोज त्या विचारायच्या, "उठली?" आणि मी मान हलवायचे.

निरोप समारंभ महिन्याच्या शेवटच्या दिवशी. प्राचार्यांनी मोठ्या हौसेने प्रमुख पाहुणे बोलावले होते, बाईंच्या विषयातले सगळ्यात मोठे नाव. बुडबुड्याचा किस्सा प्राचार्यांना माहीत नव्हता. डॉक्टरसाहेब व्यासपीठावर चढले तेव्हा मी पहिल्या रांगेतून बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांना हसून नमस्कार केला आणि शेजारी बसल्या.

भाषणं सुरू झाली. बाईंना शाल घातली, नारळ दिला. प्राचार्य त्यांच्या शिस्तीबद्दल बोलायला लागले, तेव्हा मला बाईंचा चेहरा दिसला. त्या घड्याळाकडे बघत होत्या. मग त्या उभ्या राहिल्या. प्राचार्यांना वाटलं आभार मानायला उठल्या, त्यांनी माईक पुढे केला. बाई माईकमध्ये म्हणाल्या, "माफ करा. काल संध्याकाळी एका बशीत काहीतरी दिसलं होतं. सकाळी मी तिचं पाणी बदललंय. पाणी बदलल्यावर दोन-तीन तासांत ती उघडते. आता वेळ झाली. मला जायला हवं." आणि नारळ माझ्या हातात देऊन त्या शाल अंगावर तशीच ठेवून व्यासपीठावरून उतरल्या.

काल काही दिसलं होतं हे त्या मलाही बोलल्या नव्हत्या, आणि समारंभाच्या धावपळीत त्या सकाळी मी बशा पाहायला गेलेच नव्हते. मी नारळ घेऊन मागे धावले. माझ्या मागे विद्यार्थी, विद्यार्थ्यांच्या मागे स्टाफ, आणि सगळ्यात मागे हार हातात घेतलेले प्राचार्य. प्रयोगशाळेत एवढी माणसं त्याआधी कधी शिरली नसतील. बाईंनी पापुद्रा काचपट्टीवर घेतला, वर काच ठेवली, सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. मग त्या बाजूला झाल्या आणि दारातल्या गर्दीकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आधी तुम्ही."

डॉक्टरसाहेब स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला, बारीक स्क्रू फिरवला. ते बघत होते, बघतच होते. मग त्यांचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा. "उघडलं! झाकण उघडलं! तिन्ही!"

खोलीत एकच गलका झाला. ते उठले आणि त्या गलक्यातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, मी चुकलो होतो. हा बुडबुडा नाही."

बाई म्हणाल्या, "फोटोत तसंच दिसत होतं हो. माझेही फोटो काही फार बरे नव्हते."

मग रांग लागली. प्राचार्यांनी पाहिलं, हेडक्लार्कनी पाहिलं, इतिहासाच्या सरांनी पाहिलं. गेटवरचे वॉचमनकाका आले. त्यांनी डोळा लावला आणि दचकून मागे झाले. "बाई, हे कुठं पळतंय एवढं?"

"जेवायला," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. शाल अजून अंगावर होती, तिच्या टोकाने मीच पुसलं.

निरोपाची भाषणं राहूनच गेली. प्राचार्यांनी तिथेच, त्या बशांच्या टेबलापाशी, जाहीर केलं की ही खोली संगणक विभागाला जाणार नाही आणि बाई हवं तोवर इथे काम करतील. हार त्यांनी गोंधळात सूक्ष्मदर्शकालाच घातला.

बुरशी या वेळी लवकर शुद्ध झाली. मुलं पाळीपाळीने फ्रिजवर लक्ष ठेवत होती. डॉक्टरसाहेबांनी डीएनएचं काम आपल्या प्रयोगशाळेत करून घेतलं, आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला.

"मॅडम, ही कुठल्याच ओळखीच्या प्रजातीत बसत नाही. नुसती प्रजातीच नाही, तिची फांदीच वेगळी निघते. नवीन वंश आहे. नाव तुमचंच द्यायला हवं, मी लेखात तसं सुचवतो."

"माझं कशाला?" बाई म्हणाल्या. "मी त्या तळ्यात राहत नाही."

नाव रीतसर नोंदवलं गेलं, लेख छापून आला, आणि दिवाळीच्या आधी बाई मला म्हणाल्या, "गावाला सांगायला जायचंय. आजींनी कळवायला सांगितलं होतं." आम्ही दोघीच जाऊ असं मला वाटलं होतं. पण कॉलेजात बातमी फुटली. विद्यार्थ्यांची एक बस निघाली, डॉक्टरसाहेब मुद्दाम आले, आणि गावात पोचलो तर वेशीवर लग्नातला बँड उभा. शेतकऱ्याने, त्या दादांनी, ट्रॉली धुऊन झेंडूची तोरणं लावली होती. बाईंना तीत बसवलं. गमबूट घालून, खुर्चीवर, बँडच्या तालात बाई तळ्याकडे निघाल्या. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी पात उभी होती. त्या गाळावर ती पोटरीएवढी वाढली होती.

तळं काठोकाठ भरलेलं. बांधावर मंडप टाकला होता. सरपंचांचं भाषण झाल्यावर बाई उठल्या. म्हणाल्या, "तुमच्या तळ्यात एक जीव राहतो. तो किती काळापासून राहतो ते मला माहीत नाही, पण त्याला नाव नव्हतं. आता आहे. जगभरात कोणीही त्याच्याबद्दल लिहील तेव्हा हेच नाव लिहावं लागेल. जाखाइया सेपिकोला."

मग मागून एकजण म्हणाला, "जाखाई कळालं. पण कोला म्हंजे? बाटलीतलं का काय?"

हसण्याचा फवारा उडाला. बाईही हसल्या. "नाही नाही. लॅटिनमध्ये सेपा म्हणजे कांदा. सेपिकोला म्हणजे कांद्यावर राहणारी. तुमच्या गावच्या कांद्याच्या पापुद्र्यावरच ती पहिल्यांदा दिसली."

काय सांगू! कांद्याचं नाव काढल्यावर अख्खा मंडप उभा राहिला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. कोणीतरी बँडला खूण केली आणि डॉक्टरसाहेबही टाळ्या वाजवत बँडजवळ गेले. त्या गोंगाटातून आजी काठी टेकत पुढे आल्या, बाईंचा हात धरला आणि माईकपाशी तोंड नेलं.

"चिखलात हात घालत्या म्हणून या बाईला लोकांनी लय नावं ठेवली असतील," त्या म्हणाल्या. "हिनं काय केलं? हिनं चिखलाला नाव ठेवलं!"

बाईंनी आजींना मिठी मारली. तेवढ्यात सरपंचांनी हात उंचावला. "बोला, जाखाई माता की..."

"जय!" गाव गरजलं.

मागच्या बाजूने 'कोला'चा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज आला, "सेपिकोला की..."

आणि माईकपाशीच, गमबूट आपटत, आमच्या बाई सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या, "जय!"